रेड अलर्ट आणि खाडा

१९ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत रेड अलर्ट होता. सरकारी-निमसरकारी कार्यालयं बंद राहतील, खासगी कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यावं, गरज नसेल तर कुणी बाहेर पडू नये, असं महापालिकेने जाहीर केलं होतं. शाळांना सुट्टी होती. त्याच संध्याकाळी चेंबूर आणि भक्ती पार्कच्या मध्ये मोनोरेल अडकली. हार्बर लाइन पाण्यामुळे बंद पडलेली, त्यामुळे एरवी रिकामी धावणारी ही गाडी त्या दिवशी खच्चून भरली होती. १०४ टनांच्या क्षमतेपेक्षा वजन जास्त झालं, विजेचा संपर्क तुटला, आतला एसी बंद पडला. अग्निशमन दलाने शिड्या लावून पाचशेहून अधिक माणसं खाली उतरवली.

सगळ्या शहराला घरी बसायला सांगितलेलं असताना ही माणसं बाहेर का होती?

याची दोन उत्तरं आपल्याकडे कायम तयार असतात. एक कौतुकाचं: मुंबईकर पावसाला भीत नाही, हे शहर थांबत नाही. दुसरं रागाचं: लोकांना कळतच नाही, सांगूनही ऐकत नाहीत. गाडीत अडकलेल्या प्रत्येकाची गोष्ट वेगळी असणार. पण मला ही दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात, कारण दोन्हींत बाहेर पडणं हा माणसाचा स्वभाव धरलेला आहे. कोण धाडसी, कोण भित्रा, कोण बेफिकीर, असा हिशेब. माझं म्हणणं असं की, वादळ-पावसात कामावर कोण जातं हे स्वभावावर फार थोडं ठरतं. ते ठरतं न गेल्यास कुणाचा पगार कापला जातो यावर. त्या दिवशीच्या आदेशात घरून काम करता येणाऱ्यांसाठी एक ओळ होती. ज्यांचं काम घरून होऊच शकत नाही आणि ज्यांना दिवस भरला तरच पैसे मिळतात, त्यांच्यासाठी एकही नव्हती.

स्वभावात फरक असतो, हे मी नाकारत नाही. २६ जुलै २००५ रोजी शहराबाहेर असलेला माणूस आणि त्या रात्री कुर्ला ते ठाणे छातीभर पाण्यातून चाललेला माणूस यांची पावसाकडे बघण्याची नजर एक असूच शकत नाही. ती रात्र काढलेले कितीतरी लोक अजून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये बिस्किटांचा पुडा, टॉर्च आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड ठेवतात. दुपारी आभाळ काळं झालं की ते बॅग भरतात, आणि तरुण सहकारी त्यांना हसतात. ते दोघं एकाच आभाळाकडे बघत असतात, पण एकाच्या मागे ती रात्र असते, दुसऱ्याच्या नसते. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. दक्षिण मुंबईत बसलेल्यांना उपनगरांत काय चाललंय याची कल्पनाच नव्हती. लोक नेहमीसारखे घरी निघाले. कुणी रस्त्यात वाहून गेलं, कुणी बंद गाडीच्या काचांआड गुदमरलं. राज्यभरात त्या दिवसांत हजाराहून अधिक माणसं गेली.

तेव्हा 'माहिती नव्हती' असं म्हणता येत होतं. आज नाही. आता कुलाबा आणि वेरावलीला डॉप्लर रडार आहेत, हवामान खातं पुढच्या तीन तासांचे इशारे देतं, यलो-ऑरेंज-रेड हे शब्द रिक्षावाल्यापासून आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहेत. इशारा प्रत्येकाच्या मोबाइलवर येतो. त्याप्रमाणे वागण्याची मुभा मात्र थोड्यांनाच आहे, आणि सगळा प्रश्न तिथे आहे.

आमच्या इमारतीत चार घरची कामं करणाऱ्या एक मावशी रुळांपलीकडच्या वस्तीतून येतात. मागच्या पावसाळ्यात अशाच एका रेड अलर्टच्या सकाळी त्या आल्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात प्लास्टिकच्या चपला, मोबाइल दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून वर रबरबँड लावलेला. पहाटे चारपासून त्यांच्या घरात पाणी यायला सुरुवात झाली होती. सिलिंडर कट्ट्यावर चढवला, पिठाचा डबा आणि मुलाची पुस्तकं माळ्यावर टाकली, मुलालाही तिथेच बसवलं आणि त्या निघाल्या. मी म्हटलं, मावशी, अशा पावसात कशाला आलात? त्या म्हणाल्या, "दोन सुट्ट्या भावाकडे गेले तेव्हाच संपल्या. आता खाडा लागला तर चारी घरचा लागतो." आणि पदराने डोकं पुसून भांड्यांना लागल्या. यात निर्भयपणाचा प्रश्नच नव्हता. त्यांना भीती वाटत होती. मुलाला फोन लावून पाणी कुठवर आलं हे त्या दर थोड्या वेळाने विचारत होत्या.

अशी माणसं आपल्या आजूबाजूला किती आहेत ते बघा. 'रिलिव्हर आला नाही' म्हणून दुसरी पाळीही ओल्या गणवेशात काढणारा वॉचमन. सकाळी आठला नाक्यावर उभा राहून, पाऊस असो नसो, मुकादमाची वाट बघणारा गवंडी. पावसात एका ऑर्डरमागे थोडे जास्त पैसे मिळतात म्हणून नेमका त्याच वेळी गाडी बाहेर काढणारा डिलिव्हरीचा मुलगा. आपण घरात सुरक्षित बसून ऑर्डर देतो, तेव्हा आपल्या वाटची जोखीम तो अंगावर घेतो. या सगळ्यांना 'स्पिरिट'चं प्रशस्तिपत्र देऊन गप्प बसणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याला थांबता येत नाही त्याच्या चालण्याचं कौतुक करून आपण त्याला थांबता यावं ही जबाबदारी टाळतो.

ही जबाबदारी टाळली की काय होतं, याचं सगळ्यात भीषण उदाहरण मुंबईच्याच समुद्रातलं आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ येणार हे हवामान खातं कित्येक दिवस आधीपासून सांगत होतं. मच्छीमार बोटींना किनाऱ्याला बोलावून घेतलं होतं. पण मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात कामाला असलेली पी-३०५ ही बार्ज, म्हणजे कामगारांची तरंगती वस्ती, समुद्रातच राहिली. तिच्यावर २६१ माणसं होती. वादळात नांगर तुटले, बार्ज तेलविहिरीच्या फलाटाच्या खांबांवर आदळली आणि १७ मे रोजी बुडाली. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून बहुतेकांना वाचवलं, तरीही सत्तरहून अधिक जण गेले. स्वयंपाकी, वेल्डर, फिटर, कंत्राटावरचे मजूर. बार्ज किनाऱ्याला न्यायची की नाही, हे त्यांच्यापैकी कुणाच्याही हातात नव्हतं. इशारा होता, वेळ होता, बंदर होतं. थांबायचा निर्णय घेणारी माणसं वेगळी होती आणि न थांबण्याची किंमत मोजणारी वेगळी. तेव्हापासून 'शो मस्ट गो ऑन' छापाचं काही ऐकलं की मला ती बार्ज आठवते.

पुष्कळांना वाटतं की न थांबणं ही आपली परंपरा आहे. मला तर परंपरा उलट दिसते. कोळी पावसाळ्याच्या तोंडाशी होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, झापांनी शाकारतात, जाळी विणायला बसतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करूनच पुन्हा पाण्यात उतरतात. आता त्याला कायद्याची जोड आहे: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. कोळ्याला कुणी भित्रा म्हणत नाही. शेतकरी पहिल्या सरीला तिफण घेऊन धावत नाही. जमिनीत पुरेशी ओल उतरेपर्यंत थांबतो, आणि पाऊस धो धो झाला तर वाफसा येईपर्यंत पुन्हा थांबतो. बौद्ध भिक्षू वर्षावासात एका जागी राहत. मराठ्यांच्या फौजा पावसाळा छावणीत काढत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारी रस्ते ओस असतात. तिथला माणूस बाराच्या उन्हात निघाल्याची फुशारकी मारत नाही, डोक्याला दुपट्टा गुंडाळून सकाळीच कामं उरकतो.

यावर कुणी पन्हाळ्याची आठवण काढेल. जुलै १६६० मध्ये भर पावसात, चिखलातून, रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली. बरोबर आहे. पण त्या रात्रीला कारण होतं. सिद्दी जौहरने पावसातही वेढा उठवला नव्हता, आणि निसटायचं तर तोच पाऊस आडोसा होता. एवढ्या मोठ्या कारणासाठी माणसं जाणूनबुजून पावसात उतरली. वारीचंही तसंच. वारकरी भिजत चालतो ते स्वतःच्या इच्छेने, आणि त्याच्या दिंडीबरोबर तंबू, स्वयंपाक, पाण्याचा टँकर, वाटेवरच्या गावांचं आदरातिथ्य असं सगळं चालत असतं. फायलीवर सही करायला किंवा चार घरची भांडी घासायला कुणी जीव धोक्यात घालावा, हे या ओळीत बसत नाही.

थांबायची परंपरा होती, तशी थांबण्याची तयारीही होती. कोकणात आगोटीची बेगमी करायचे: सुकी मासळी, कांदे, मिरच्या, तांदूळ, सरपण. चार महिने घराबाहेर पडता येणार नाही हे धरून चार महिन्यांचं घरात भरलेलं असायचं. बेगमी नसेल तर थांबणं म्हणजे उपासमार, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. शहरातल्या हातावर पोट असलेल्या माणसाची बेगमी म्हणजे फार तर चार दिवसांचा किराणा. त्याला नुसतं 'घरी थांबा' म्हणण्याला अर्थ नाही. त्याची बेगमी आता सार्वजनिक व्यवस्थेनेच करायला हवी.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे रोजगार हमीची कामं निघाली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ज्या योजनेचा पाठपुरावा केला तिचा गाभा असा होता: निसर्गाने काम हिरावलं तर माणसाने उपाशी मरायचं नाही, मागेल त्याला काम द्यायचं, आणि काम देता आलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. देशाने हे तत्त्व नंतर आपल्याकडून घेतलं. पाऊस न पडल्याने काम गेलं तर सरकार जबाबदार, आणि पाऊस फार पडल्याने काम गेलं तर ज्याचा तो जबाबदार, हा भेद मला पटत नाही.

पैसे कुठून आणायचे, हा पहिला प्रश्न असतो. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो, तो बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीच असतो. दिल्लीत विषारी हवेमुळे बांधकामं थांबवावी लागली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की काम बंद असलेल्या काळात मजुरांना या निधीतून निर्वाहाचे पैसे द्या. दिल्ली सरकारने तेव्हा पाच-पाच हजार रुपये जाहीर केले. हवा खराब म्हणून देता येतात, तर पाण्याने आणि उन्हाने काम बंद पडलं म्हणूनही देता येतील. घरकाम करणाऱ्यांसाठी आपल्याकडे २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. माथाडींसाठी १९६९ च्या कायद्याने मंडळं आहेत, जिथे मालक मजुरीवर लेव्ही भरतो आणि मंडळ कामगाराचं बघतं. चौकटी तयार आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्हाधिकारी शाळा बंद करण्याचा जो आदेश काढतात, त्यात एक वाक्य वाढवायचं आहे: आजच्या गैरहजेरीबद्दल कुणाचीही मजुरी कापली जाणार नाही, आणि ज्यांना मालकच नाही त्यांना ठरावीक भत्ता संबंधित मंडळाकडून मिळेल.

नोंदणी नसलेल्यांचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि अवघडही. नाक्यावरच्या कित्येकांकडे कार्ड नाही, मंडळाकडच्या नोंदणीचं नूतनीकरण करता करता दिवस मोडतात. पण हा नोंदणी सुधारण्याचा मुद्दा आहे, भत्ता न देण्याचा नव्हे.

दुसरा आक्षेप मला जास्त वेळा ऐकू येतो: रेड अलर्ट देतात आणि दिवसभर ऊन पडतं. होतं असं. दोन तालुक्यांत पावसाचं प्रमाण वेगळं असतं, ढग समुद्रावरच रिकामे होतात. पण असा एखादा दिवस फुकट गेला तर गेलेलं काय असतं? एका दिवसाचं काम. इशारा खोटा ठरण्याचं नुकसान आणि खरा ठरण्याचं नुकसान एका तराजूत घालताच येत नाही. शिवाय असे दिवस एखाद्या जिल्ह्यात वर्षाकाठी थोडेच असतात. लोक गैरफायदा घेतील असंही म्हणतात. १९ ऑगस्टला सरकारी कर्मचाऱ्यांना भरपगारी सुट्टी मिळाली तेव्हा ही शंका कुणी काढली नाही, आणि काढायलाही नको होती. ८ जुलै २०२४ च्या पावसात आमदार-मंत्री वेळेवर पोचू शकले नाहीत, म्हणून विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचं कामकाज दिवसापुरतं तहकूब झालं. तेही योग्यच झालं. तोच न्याय झाडूवालीला आणि हमालाला लावा, एवढंच मागणं आहे.

उन्हाबद्दल तर आपण याहून बेफिकीर आहोत, कारण ऊन तुंबत नाही, त्याचे फोटो येत नाहीत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. श्रद्धेने आलेली माणसं तासन्‌तास बसून होती, कारण उठून जायचं कसं? १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. तो कार्यक्रम संध्याकाळी घेता आला असता. २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, आणि पुढे बऱ्याच शहरांनी तो उचलला. पण वीटभट्टीवर, स्लॅबच्या कामावर, ऊसतोडीत दुपारचे चार तास काम बंद ठेवायचे आणि तरीही पूर्ण हजेरी मांडायची, असा नियम प्रत्यक्ष मस्टरवर उतरल्याशिवाय त्या आराखड्यांचा मजुराला उपयोग नाही.

सगळ्यांनाच थांबता येत नाही, हे उघड आहे. पाणी उपसणाऱ्या पंपावरचा कामगार, वायरमन, नर्स, मोटरमन, रुळांवर गस्त घालणारा गँगमन थांबला तर बाकीच्यांचा जीव जाईल. त्यांच्यासाठी काय करायचं याचा धडा कोकण रेल्वेने दिला आहे, आणि तो फार मोठी किंमत मोजून. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली आणि गाडी घसरून ५० हून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. आज कोकण रेल्वेचं पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं असतं. गाड्या मुळातच हळू धरलेल्या असतात. पाऊस इतका वाढला की समोरचं दिसेनासं होतं, तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणण्याची लोको पायलटला सूचना असते. रत्नागिरीजवळच्या पानवलच्या उंच पुलावर, गोव्यातल्या मांडवी-झुआरीच्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत. वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गाडी पुलाअलीकडे थांबते. गस्तीवरच्या माणसाला धोका दिसला तर तो गाडी थांबवू शकतो, आणि त्याबद्दल त्याला कुणी जाब विचारत नाही. गाडी चालू राहते, पण धाडस करायचं की नाही हे एकट्या चालकावर सोडलेलं नसतं. उशीर होणार हे वेळापत्रकातच लिहिलेलं असतं, म्हणून उशिराचं दडपण त्याच्या डोक्यावर नसतं.

याच्या शेजारी २ ऑगस्ट २०१६ ची महाडची रात्र ठेवा. सावित्रीला पूर आलेला, वर ब्रिटिशकाळातला दगडी पूल, आणि त्या पुलावरून वाहतूक चालूच होती. पूल वाहून गेला आणि अंधारात दोन एसटी गाड्या आणि काही खासगी वाहनं नदीत गेली. त्या एसटीच्या चालकांनी काही साहस केलं नव्हतं. पूल उघडा होता, गाडी वेळेवर पोचवायची होती, म्हणून ते निघाले होते. 'थांबा' असं सांगणारा कुणी अधिकारी त्या पुलाच्या तोंडाशी उभा नव्हता, आणि चालकाने आपल्या मनाने गाडी थांबवली असती तर डेपोत त्यालाच उत्तर द्यावं लागलं असतं.

म्हणून ज्यांना कामावर यावंच लागतं, त्यांच्यासाठी मागणं वेगळं आहे. अलर्टच्या दिवशी जाण्यायेण्याची सोय मालकाची, रात्री अडकलात तर झोपायची आणि जेवायची सोय मालकाची, मजुरी दुप्पट, आणि धोका वाटला तर काम थांबवण्याचा लेखी अधिकार कामगाराचा. एसटीच्या चालकाला, वीज कंपनीच्या वायरमनला, गटारात उतरणाऱ्या पालिकेच्या कंत्राटी मजुराला हा अधिकार कागदावर मिळाला पाहिजे, आणि तो वापरल्याबद्दल मेमो निघणार नाही याची हमीही. पावसाळी अधिवेशन दरवर्षी भरतंच. बाहेर पाणी साचलेलं असताना, आत या दोन कलमांवर चर्चा घेता येईल: अलर्टच्या दिवशी खाडा नाही, आणि थांबणाऱ्या चालकावर कारवाई नाही.